ज्या महिन्यात एकही धागा नव्हता

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नव्हती. माझी मावशी एका मोठ्या कारखान्यात माणसांचं खातं सांभाळते. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला बढती द्यायची, कुणाला समज द्यायची, हे तिचं काम. तिनं ही गोष्ट मला भाजी निवडता निवडता सांगितली आणि वर म्हणाली, "घरातच ठेव. आमच्या साहेबांच्या कानावर गेली, तर त्यांना वाटेल मी त्यांच्यावरच रचली." मी मान हलवली होती. पण इतके दिवस ती एकटीनं सांभाळणं मला जमलं नाही. चारचौघांत उभं राहून मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

फार फार मागे, डोंगरांना नावं होती पण वाटांना अजून नव्हती, तेव्हा एका राणीच्या राज्यात एक खोल दरी होती. दरीच्या या बाजूला शेतं आणि धान्य. त्या बाजूला मीठ, औषधी झाडं आणि राज्यातला एकुलता एक वैद्य. मधे नदी, इतकी खाली की तिचा आवाज वर येईपर्यंत पुसट व्हायचा.

दोन्ही बाजू जोडणारी एकच गोष्ट होती, दोरांचा पूल. ऊन आणि धुकं दोराला आतून खातात, म्हणून दर तीन वर्षांनी पूल नवा करावा लागे. ते दोर एकच गाव वळत असे. त्या गावातली माणसं दुसरं काही करत नसत. अंबाडी भिजवायची, तिचा वाख म्हणजे तंतू सोडवायचे, कमरेला त्यांचा भारा बांधून मागे मागे चालत पीळ द्यायचा, आणि असे तीन पेड एकमेकांत गुंफून दोर करायचा. गावाबाहेरच्या लांब मोकळ्या मैदानात सकाळपासून माणसं अशी उलटी चालताना दिसायची.

या गावाची एक रीत होती. प्रत्येकाच्या कमरेला, वाखाच्या भाऱ्याशेजारी, लाल धाग्यांची एक लहान जुडी असे. दोर वळताना हात ढिला पडला, वाख कमी भरला, क्षणभर मन दुसरीकडे गेलं, तर ज्यानं त्यानं आपणच त्या जागी लाल धागा बांधायचा आणि पुढे चालायचं. संध्याकाळी मुकादम दोराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई. जिथे धागा दिसेल तिथे सगळे जमत, तेवढा भाग उकलत आणि नव्यानं वळत. मग धागा सोडून टाकत. पूल उभा राही तेव्हा त्यावर एकही धागा नसे.

हा धागा कुणाचा, असं कुणी विचारत नसे. तो नियम कुणी केला होता ते कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या चुकीला आपण धागा बांधायचा नाही, हाही नियमच होता.

गावात ठकू नावाची एक बाई होती. नवरा नव्हता, एक लहान मुलगी होती. दोर वळणाऱ्यांना राणीकडून राहायला घर मिळे, तशा एका घरात त्या दोघी राहत. ठकूची बोटं अशी होती की वाखात एक ओलसर तंतू आला तरी तिला कळायचं. त्यामुळे तिचे धागेही सगळ्यांत जास्त असत. दुसऱ्यांना स्वतःच्या कामात जे कळत नसे ते तिला आपल्या कामात कळायचं, एवढंच त्याचं कारण होतं. म्हातारे मुकादम दगडूनाना हे ओळखून होते. ते तिला काही म्हणत नसत. फक्त सगळ्यांत अवघड काम, पुलाचा पायाखालचा मधला दोर, ते नेहमी तिच्याकडे देत.

पुढे नानांची नजर अधू झाली. राणीनं त्यांना विश्रांती दिली आणि राजधानीतून एक कारभारी पाठवला.

हा कारभारी वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते, कारण गोष्टीत पुढे तसं वाटू शकेल. आल्या आल्या त्यानं मैदानावर सावलीसाठी मांडव घातला. दुपारी सगळ्यांना विसावा दिला. अंबाडीच्या डबक्यात उभं राहून पाय कुजलेल्यांसाठी त्यानं लेप मागवला, आणि कुणाच्या घरी आजारपण असेल तर काम नेमताना तो ते लक्षात ठेवी. लोक म्हणू लागले की असा माणूस आधी का नाही आला.

एक दिवस तो नानांकडे येऊन बसला. म्हणाला, की या गावात चांगलं काम कोण करतं आणि कोण करत नाही हे त्याला कळत नाही. सगळे धागे लाल, सगळे सारखे. तेव्हा त्यानं ठरवलं होतं की प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा, वेगळ्या गाठीचा धागा द्यायचा आणि महिन्याच्या शेवटी मोजायचं. ज्याचे कमी त्याचा मान, ज्याचे जास्त त्याला खालचं काम.

नाना म्हणाले, "धागा कुणाचा, हे आजवर कुणी विचारलं नाही."

"मग चांगल्या माणसाला चांगलं म्हणायचं कसं, नाना?"

नाना म्हणाले, "ते मला सांगता येत नाही. पण मला हे ऐकून भीती वाटली, एवढं सांगतो."

कारभाऱ्याला वाटलं, म्हातारपणी माणसाला नव्याची भीती वाटतेच. त्यानं नानांच्या पाया पडून निरोप घेतला आणि दुसऱ्या दिवशी धागे वाटले. ठकूच्या वाट्याला पिवळा आला.

पहिल्या महिन्याच्या शेवटी सगळ्यांना मांडवात बोलावलं. रायबा नावाच्या गड्याचे धागे फक्त तीन होते. रायबा हसरा, बोलका, कामाला उरक असलेला. त्याच्या खांद्यावर जरीचं उपरणं घातलं आणि त्याला रांगेत पहिला उभा केला. ठकूचे धागे निघाले एकेचाळीस.

रायबा मोठ्यानं म्हणाला, "ठकूचा दोर कसला तो, लग्नाची हळद लागलीय त्याला." सगळे हसले. ठकूही थोडं हसली, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. तिला दोरावरून काढून अंबाडीच्या डबक्यावर पाठवलं. कारभाऱ्यानं तिला बाजूला घेऊन हळू आवाजात, चांगल्या शब्दांत सांगितलं की हा शिक्षेचा भाग नाही, ती सुधारावी म्हणून आहे. पण पुन्हा असाच महिना गेला तर दोर वळणाऱ्याचं घर तिला ठेवता येणार नाही, तसा नियम त्याला सगळ्यांसाठी सारखा करावा लागेल.

ठकूच्या आईनंही त्याच घरात राहून दोर वळला होता. ठकूला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन तिनं मुलीला काही सांगितलं नाही, पण मुलीनं विचारलं, "आई, तुझे हात आज एवढे गार का?"

दोन महिन्यांनी नव्या पुलाचं काम निघालं. हात कमी पडले म्हणून ठकूला पुन्हा दोरावर घेतलं. तिनं मनाशी ठरवलं होतं की यावेळी इतकं जपून वळायचं की धागा बांधायची वेळच येऊ नये. ती जपूनच वळत होती. पण वाख सगळ्यांनी मिळून भिजवलेला होता, आणि एका दुपारी, मधल्या दोरासाठी मागे मागे चालताना, तिच्या बोटांखालून कुजक्या तंतूंचा एक पुंजका पेडात गेला.

बोटांना ते लगेच कळलं. हात कमरेच्या पिवळ्या जुडीकडे गेला. तिनं वर पाहिलं. समोरच्या रांगेत रायबाही थांबला होता. त्याचाही हात कमरेशी होता. त्याच्या खांद्यावर ते जरीचं उपरणं होतं.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. मग रायबानं हात काढून घेतला आणि चालू लागला. ठकूनंही हात काढून घेतला.

त्या महिन्यात साऱ्या मैदानावर एकही धागा निघाला नाही. निळा नाही, हिरवा नाही, पिवळा नाही. कारभाऱ्याचा आनंद खरा होता. त्यानं राणीला कळवलं की इथल्या माणसांना चूक म्हणजे काय ते आता माहीत नाही. घरोघरी गूळ वाटला. नानांना हाताला धरून मैदानावर आणलं आणि दोर दाखवला. नानांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो हातानं चाचपला, एका टोकापासून निघून अर्ध्या वाटेपर्यंत.

"एवढ्या स्वच्छ महिन्याचा दोर मी जन्मात पाहिला नव्हता," ते म्हणाले. त्यांनी गूळ हातात घेतला, पण खाल्ला नाही.

पूल ताणायचा दिवस आला तेव्हा राणी स्वतः आली. दरीच्या काठावर दोर गुंडाळून ठेवले होते. गाव जमलं होतं. आणि ढोल वाजायच्या आत ठकू गर्दीतून पुढे आली.

ती म्हणाली, "मधल्या दोरात, या टोकापासून बारा वाव आत, कुजका वाख गेलाय. माझ्या हातून गेलाय. मी धागा बांधला नाही."

दोर उलगडला. दोन्ही हात पसरून बारा वाव मोजले. पीळ उकलला, तर आत तपकिरी, भुसभुशीत तंतू निघाले. बोटात धरताच तुटले.

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. राणीसमोर, गावासमोर, त्याच्या स्वच्छ महिन्यावर पहिला डाग पडला होता. त्याला ठकूचा राग आला नव्हता. पण नियम सगळ्यांना सारखा असला पाहिजे हे तो इतक्या वेळा बोलला होता की आता मागे फिरणं त्याला कमीपणाचं वाटलं. तो म्हणाला, "बाई, चूक केलीत आणि लपवलीत. दोर आज दुरुस्त होईल. घर तुम्हाला उद्यापर्यंत सोडावं लागेल."

राणी गावाकडे वळली. तिनं शांतपणे विचारलं, "आणखी कुणाच्या हातून काही राहिलं आहे का? आत्ता सांगा."

कुणी बोललं नाही. ठकूच्या कडेवर तिची मुलगी होती, आणि सगळे त्या मुलीकडे पाहत होते. रायबा जमिनीकडे पाहत होता.

ठकूला रायबाचा कमरेशी थांबलेला हात आठवत होता. तिच्या ओठांवर त्याचं नाव आलं. पण दुसऱ्याच्या चुकीला आपण धागा बांधायचा नाही, या रीतीत ती वाढली होती. शिवाय त्यालाही घर होतं. ती गप्प राहिली.

राणीला वाटलं, एकच दोष होता आणि तो सापडला. दुसऱ्या दिवशी ठकू बहिणीच्या गावी निघून गेली. तिसऱ्या दिवशी पूल उभा राहिला.

पुलावरून पहिलं पाऊल कुणाचं, याचीही रीत होती. ज्याच्या देखरेखीखाली दोर झाला, त्यानं आधी पलीकडे जायचं. कारभारी घाबरला नाही. आपल्या माणसांवर आणि आपल्या मोजणीवर त्याचा पुरा विश्वास होता. तो हसत पुलावर चढला. रायबाला सांगायचं होतं, पण एवढ्या लोकांत त्याचं तोंड उघडेना. आत्ता सांगावं, आणखी दोन पावलांनी सांगावं, असं करता करता कारभारी मधोमध पोचला.

पायाखालचा दोर तुटताना फार मोठा आवाज झाला नाही. जुनं कापड फाटावं तेवढाच झाला. पायाखालचं सगळं खाली गेलं. कारभाऱ्याचा हात बाजूच्या दोरात अडकला आणि तो दरीवर लोंबकळत राहिला. दहा माणसांनी तो दोर हळूहळू ओढून त्याला काठावर आणलं. जीव वाचला. पण अडकलेल्या हातानं पुढे त्याला कधी काही उचलता आलं नाही.

तोवर पावसाळा तोंडावर आला होता. नवा पूल व्हायला वेळ उरला नव्हता. चार महिने या बाजूला वैद्य नव्हता आणि त्या बाजूला धान्य नव्हतं. त्या चार महिन्यांत या बाजूची तीन माणसं औषधाविना गेली. त्यातले एक दगडूनाना होते.

कारभारी अंथरुणावर पडून होता तेव्हा राणीचा माणूस त्याला विचारायला आला की दोष कुणाचा, नावं दे. कारभाऱ्यानं नावं दिली नाहीत. त्याला माहीतही नव्हती. चालता येऊ लागल्यावर त्यानं दरीतून ओढून काढलेला तो तुटका दोर मैदानावर लांबच लांब पसरायला सांगितला आणि गावाला बोलावलं. सगळ्यांना वाटलं, आता चौकशी होणार. काही जणांनी घरातलं सामान आधीच बांधून ठेवलं होतं.

कारभाऱ्याच्या कमरेला लाल धाग्यांची जुडी होती. त्याला एका हातानं गाठ मारता येईना. तो दातात धागा धरून बराच वेळ खटपट करत राहिला, आणि कुणी मदतीला पुढे झालं नाही, कारण काय चाललंय तेच कुणाला समजत नव्हतं. शेवटी गाठ बसली. दोराच्या अगदी पहिल्या टोकाला.

तो म्हणाला, "रंग वेगळे केले, ही माझी चूक. ठकूबाईंनी खरं सांगितलं आणि मी त्यांचं घर काढलं, ही त्याहून मोठी." मग त्यानं आणखी एक धागा काढून दातात धरला.

या वेळी रायबा पुढे झाला. त्यानं आधी खांद्यावरचं उपरणं काढून जमिनीवर ठेवलं. कारभाऱ्याची दुसरी गाठ मारून दिली. मग त्याच्याच जुडीतून एक धागा घेतला, दोराच्या कडेनं चालत गेला, जिथे तुटला होता तिथे खाली बसला आणि तो तिथे बांधला. त्याला उठायला वेळ लागला.

मग एक म्हातारी आली. मग दोघे भाऊ आले. मग कुणी कुणाची वाट पाहिली नाही. संध्याकाळपर्यंत त्या एका दोरावर सदतीस लाल धागे होते. तो तुटला याचं नव्हे, इतका वेळ टिकला याचंच नवल वाटावं.

दुसऱ्या दिवशी कारभारी चालत ठकूच्या बहिणीच्या गावी गेला. ठकू दुसऱ्याच्या शेतात निंदणी करत होती. बांधावर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं आणि परत या म्हणाला. मधला दोर तुमच्याच हातचा हवा म्हणाला.

ठकूनं हातातलं गवत खाली टाकलं. म्हणाली, "येईन. पण कारभारी, रायबाचा हात मला दिसला होता. राणीसरकारांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. त्याचा धागा मी कुठे बांधू?"

कारभारी म्हणाला, "मलाही ठाऊक नाही. चला, सगळ्यांना विचारू."

त्यांनी सगळ्यांना विचारलं. बरंच बोलणं झालं, भांडणंही झाली. शेवटी असं ठरलं की दुसऱ्याचा धागा अजूनही बांधायचा नाही, पण दुसऱ्याचा हात कमरेशी अडलेला दिसला तर आपण त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं, त्यानं धागा बांधेपर्यंत. ठकूला तिचं घर परत मिळालं. कारभारी तिथेच राहिला. चांगल्या माणसाला चांगलं म्हणायची त्याची हौस काही गेली नाही, पण आता तो धागे मोजत नसे. तो दिवसभर माणसांबरोबर मागे मागे चालत असे आणि पाहत असे. नवा पूल पावसाळ्यानंतर उभा राहिला आणि तीन वर्षं पुरला.

म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच: जिथे चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा होते, तिथे चुका संपत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हाताखाली माणसं काम करत असतील, तर त्यांनी उद्या सकाळी, बाकी कुणी काही बोलायच्या आधी, सगळ्यांसमोर स्वतः एवढंच म्हणून बघावं की काल माझ्या हातून एक चूक झाली. आई केव्हाची हाक मारतेय. आले गं आई, हे एवढं एक वाक्य लिहायचं होतं.